सुटे भाग आणि अदृश्य सेवक

घरातला पंखा बिघडला तर आपण तो काढून दुसरा लावतो. त्यासाठी भिंतीतल्या तारा उकराव्या लागत नाहीत, की वीज मंडळाला कळवावे लागत नाही. भिंतीवरचा सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्यात एक करार ठरलेला असतो: छिद्रे किती, किती अंतरावर आणि त्यांतून येणारी वीज किती व्होल्टची. वीज कोयनेच्या पाण्यावर तयार झाली की चंद्रपूरच्या कोळशावर, हे पंख्याला माहीत नसते. तिकडे पंखा फिरतो की इस्त्री तापते, हे वीजकेंद्राला माहीत नसते. एकमेकांविषयीचे हे अज्ञान फार उपयोगाचे आहे. त्यामुळेच दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने बदल करता येतात.

संगणकाच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत मात्र अशी सोय सहजासहजी झाली नाही. आज जावा भाषेत लिहिलेली एखादी मोठी प्रणाली मधोमध एक लहानसा गाभा, त्याला जोडलेली शेकडो विस्तारके आणि पडद्यामागे अहोरात्र जागा असलेला एक सेवक अशा स्वरूपात उभी असते. या रचनेतला प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या अडचणीतून जन्मला आहे. त्या अडचणींचा इतिहास समजून घेतला, तर संगणक न शिकवणाऱ्या शिक्षकालाही त्यातून बरेच काही मिळण्यासारखे आहे.

कपाटातल्या कागदी फिती

१९४९ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत एडसॅक हा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स हे त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. यंत्र चालू होताच लक्षात आले की, यंत्र बांधण्याइतकेच त्याच्यासाठी बिनचूक आज्ञा लिहिणेही कठीण आहे. वर्गमूळ काढणे, साइन-कोसाइन काढणे, उत्तर छापणे ही कामे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लागत आणि प्रत्येक जण ती नव्याने लिहून नव्या चुका करीत असे.

यावर उपाय म्हणून अशा नेहमीच्या कामांचे तुकडे एकदाच नीट लिहून, तपासून, कागदी फितींवर छिद्रांच्या रूपात साठवून कपाटात ठेवण्यात आले. ज्याला जो तुकडा हवा असेल त्याने त्याची नक्कल आपल्या फितीत घालायची. या तुकड्यांना सबरूटीन म्हणत. १९५१ पर्यंत केंब्रिजच्या कपाटात असे ८७ तुकडे जमले होते. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचे प्रोग्रॅम कसे तयार करावेत यावरचे पुस्तक निघाले. या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक.

इथे एक गमतीची अडचण होती. मुख्य प्रोग्रॅम वर्गमूळाच्या तुकड्याकडे गेला हे ठीक, पण काम झाल्यावर परत कुठे यायचे? तोच तुकडा दहा ठिकाणांहून बोलावला जाणार. व्हीलर यांनी युक्ती काढली. जाण्यापूर्वी मुख्य प्रोग्रॅमने आपला पत्ता एका ठरलेल्या जागी ठेवायचा आणि तुकड्याने सुरुवातीलाच त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून ती स्वतःच्या शेवटच्या ओळीत लिहून घ्यायची. सुट्या भागांच्या इतिहासातला हा बहुधा सर्वात जुना करार: कोणी बोलावले याची चौकशी नाही, सांगितलेल्या पत्त्यावर परत जायचे.

मॅक्सवेलचा राक्षस

आता पडद्यामागच्या सेवकाकडे वळू. विज्ञान शिकवणाऱ्यांना मॅक्सवेलचा राक्षस परिचयाचा असेल. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका पत्रात ही कल्पना मांडली. वायूने भरलेल्या दोन कप्प्यांच्या मधल्या दारावर एक चिमुकला जीव बसला आहे आणि तो वेगवान रेणू एका बाजूला, संथ रेणू दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. उष्णतागतिकीच्या दुसऱ्या नियमाची कसोटी पाहणाऱ्या या जीवाला 'डीमन' हे नाव पुढे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन, यांनी दिले.

१९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत 'प्रोजेक्ट मॅक' नावाचा प्रकल्प सुरू झाला. एकाच आयबीएम ७०९४ संगणकावर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावे, असा तेथील प्रयत्न होता. माणसे आपापल्या कामात असताना काही कामे कोणी न सांगता होत राहणे गरजेचे होते. उदाहरणार्थ, सगळ्यांच्या फायलींची चुंबकीय फितीवर नक्कल काढून ठेवणे. हे काम करणारा प्रोग्रॅम कोणाच्याही पडद्यावर दिसत नसे आणि कोणी सुरू केल्याशिवाय चालू राही. फर्नांडो कोर्बातो यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे मॅक्सवेलच्या राक्षसावरून या प्रोग्रॅमना डीमन म्हणण्यात येऊ लागले.

इंग्रजीत याचे स्पेलिंग मूळ ग्रीक शब्दाला धरून केले जाते आणि त्या ग्रीक शब्दात दुष्टपणाचा अर्थ नाही. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात गावाच्या राखणदाराविषयी जे सांगतात, ते या कल्पनेच्या बरेच जवळचे आहे. राखणदार दिसत नाही, रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. संगणकातला डीमनही असाच. छपाईसाठी आलेली कामे रांगेत लावणारा, ठरलेल्या वेळी ठरलेले काम सुरू करणारा, बाहेरून येणाऱ्या निरोपाची वाट पाहत बसणारा, असे अनेक डीमन आज प्रत्येक संगणकात वावरत असतात.

पाण्याची नळी

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी नाटोने एक परिषद भरवली. प्रोग्रॅम मोठे होत चालले होते. ते वेळेवर पुरे होत नव्हते आणि झाले तरी भरवशाचे नव्हते. या संकटावर तेथे चर्चा झाली. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकइलरॉय यांनी तेथे मांडले की, कारखान्यात जसे ठरावीक मापाचे नट-बोल्ट यादीतून निवडून घेता येतात, तसे प्रोग्रॅमचे भागही तयार मिळाले पाहिजेत.

हेच मॅकइलरॉय १९६४ पासून आणखी एक गोष्ट सांगत होते. बागेतल्या नळीला जशी दुसरी नळी जोडता येते, तसे एका प्रोग्रॅममधून निघालेली माहिती सरळ दुसऱ्यात सोडता आली पाहिजे. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्स प्रणालीत ही सोय करून दिली. एक प्रोग्रॅम ओळी निवडतो, दुसरा त्या क्रमाने लावतो, तिसरा मोजतो. मधला करार फक्त एवढाच, की वाहणारी माहिती म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी.

कुठे कापायचे?

परंतु मोठ्या कामाचे भाग करायचे म्हणजे नेमके कुठे कापायचे? या प्रश्नाला सर्वात विचारपूर्वक उत्तर दिले ते डेव्हिड पार्नास यांनी, डिसेंबर १९७२ मधील एका लहानशा निबंधात. त्यांनी घेतलेले उदाहरण शब्दसूचीचे होते. तसेच उदाहरण आपण मराठीत घेऊ.

समजा आपल्याकडे दोन ओळी आहेत: 'गावातील जुनी विहीर' आणि 'शाळेतील नवी विहीर'. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द काढून शेवटी टाकत गेलो, तर प्रत्येकीची तीन रूपे होतात. सगळी सहा रूपे वर्णानुक्रमे लावली, की पुढील सूची मिळते.

गावातील जुनी विहीर
जुनी विहीर गावातील
नवी विहीर शाळेतील
विहीर गावातील जुनी
विहीर शाळेतील नवी
शाळेतील नवी विहीर

दोन्ही विहिरी शेजारी आल्या. ओळीतला कोणताही शब्द आठवला तरी ती ओळ सापडते. मोठ्या ग्रंथालयाला अशी सूची फार उपयोगी पडते.

हे काम चार जणांत वाटायचे झाले, तर आपण सहज म्हणू: पहिल्याने ओळी वाचायच्या, दुसऱ्याने फिरवायच्या, तिसऱ्याने क्रम लावायचा, चौथ्याने छापायच्या. कामाच्या पायऱ्या तेच भाग. पार्नास यांनी दाखवले की ही वाटणी फसवी आहे. कारण ओळी नेमक्या कशा साठवल्या आहेत हे चौघांनाही माहीत असावे लागते. उद्या ओळी वहीऐवजी पत्त्यांवर लिहायच्या ठरल्या, किंवा त्या इतक्या वाढल्या की एका टेबलावर मावेनात, तर चौघांनाही आपली पद्धत बदलावी लागते.

त्यांनी सुचवलेली दुसरी वाटणी अशी. पुढे बदलू शकतील अशा निर्णयांची आधी यादी करा आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आत लपवा. ओळींचा साठा एकाच्या ताब्यात द्या. इतरांनी त्याला 'अमुक ओळीतला तमुक शब्द सांग' एवढेच विचारायचे. तो वहीत पाहतो की पत्त्यांत, याची चौकशी करायची नाही. आता साठवण बदलली तर एकट्या त्याचे काम बदलते. भाग किती लहान केले यापेक्षा कोणती गोष्ट कोणापासून झाकली याला महत्त्व आहे, हा पार्नास यांचा मुख्य मुद्दा. पुढच्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक प्रणाल्यांची पाळेमुळे या निबंधात सापडतात.

ओक वृक्षाखालची भाषा

१९९१ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. उपकरणांतील चिप निरनिराळ्या, त्यामुळे एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. जेम्स गॉसलिंग यांनी एक नवी भाषा तयार केली आणि आपल्या कार्यालयाबाहेरच्या ओक वृक्षावरून तिला 'ओक' नाव दिले. हे नाव आधीच दुसऱ्या कोणाचे असल्याने ते बदलावे लागले आणि १९९५ च्या मे महिन्यात ती 'जावा' या नावाने जाहीर झाली.

जावातला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चिपसाठी न बनवता एका काल्पनिक संगणकासाठी बनवला जातो. तो काल्पनिक संगणक ज्या यंत्रावर उभा करता येईल, तिथे तो प्रोग्रॅम चालतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. प्रोग्रॅमचे सगळे भाग सुरुवातीलाच एकत्र बांधावे लागत नाहीत. एखाद्या भागाची गरज पडली, की त्याच्या नावाने तो शोधून त्याच क्षणी आत आणला जातो. म्हणजे मूळ प्रोग्रॅम लिहिताना अस्तित्वातच नसलेला भागही पुढे त्याला जोडता येतो.

यातूनच नवी डोकेदुखी निर्माण झाली. सगळ्या भागांची गठडी एकाच रांगेत ठेवलेली असे आणि नाव पुकारले की रांगेत जो पहिला सापडेल तो हजर होई. एका विस्तारकाला एखाद्या भागाची जुनी आवृत्ती हवी असली आणि दुसऱ्याला नवी, तर दोघांनाही पहिली सापडेल तीच मिळे. हजेरीपटावर एकाच नावाची दोन मुले असावीत आणि 'हजर' नेहमी पहिल्यानेच म्हणावे, तसा हा प्रकार होता.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या ओएसजीआय या कंपन्यांच्या संघटनेने यावर एक पद्धत बसवली. मूळ हेतू घरात सतत चालू राहणाऱ्या लहान जोडपेट्यांचा होता. त्या बंद न करता त्यांत नवे भाग घालता यावेत, जुने काढता यावेत. त्यासाठी प्रत्येक भागासोबत एक पत्रक जोडलेले असे: माझे नाव हे, माझी आवृत्ती ही, मी इतरांना हे देतो, मला इतरांकडून हे लागते. पत्रकात दिले नसेल ते बाहेरच्यांना दिसणार नाही.

विस्तारके आणि बटलर

नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमने 'एक्लिप्स' ही प्रोग्रॅम लिहिण्याची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिचा गाभा अगदी लहान आहे. तो फक्त विस्तारके शोधतो आणि त्यांची पत्रके वाचतो. जावा लिहिण्याची सोयसुद्धा एक विस्तारकच आहे. प्रत्येक विस्तारक आपल्यात इतरांसाठी जोडाच्या जागा ठेवू शकतो. भिंतीवरच्या सॉकेटला जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणखी सॉकेट असावेत तसे. सुरू होताना पत्रके वाचली जातात, पण विस्तारकाचे प्रत्यक्ष काम पडेपर्यंत तो आत आणला जात नाही. २००४ मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून एक्लिप्सने ओएसजीआयची पद्धत स्वीकारली.

त्याच २००४ साली सन कंपनीतील कोहसुके कावागुची यांनी 'हडसन' नावाची प्रणाली लिहायला घेतली. अनेक जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात, तेव्हा एकाच्या चुकीने सगळ्यांचे काम अडते. कावागुची यांच्या हातूनही असे होत असे आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवे. म्हणून त्यांनी पाठीमागे सतत जागा राहणारा एक सेवक तयार केला. कोणी काही बदल केला, की हा सेवक सगळे भाग एकत्र बांधून चाचण्या घेतो आणि काही बिघडले तर लगेच कळवतो. यातही जोडाच्या जागा ठेवलेल्या होत्या आणि जगभरच्या लोकांनी त्यांवर हजाराहून अधिक विस्तारके लिहिली. सन कंपनी ऑरॅकलने घेतल्यानंतर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ च्या जानेवारीत या प्रणालीवर काम करणाऱ्यांनी मतदान करून तिचे नाव 'जेंकिन्स' केले. हडसन काय किंवा जेंकिन्स काय, दोन्ही नावे इंग्रजी घरातल्या बटलरला शोभणारी.

खुद्द जावा भाषेत मॉड्यूल यायला मात्र २०१७ चा सप्टेंबर उजाडला. २००८ पासून हे काम चालू होते. जावाची अंतर्गत यंत्रणा बाहेरच्यांपासून झाकायची असे ठरले, पण तोवर अनेक लोकप्रिय प्रोग्रॅम तिच्यात हात घालून बसले होते. २०१७ च्या मे महिन्यात समितीने हा प्रस्ताव १३ विरुद्ध १० मतांनी फेटाळला. दुरुस्त्या झाल्यावर जूनमध्ये तो २४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. झाकण्याचा नियमही लगेच पूर्ण लागू झाला नाही. २०२१ च्या जावा १७ पर्यंत तो हळूहळू कडक करण्यात आला. एकदा उघडी राहिलेली वाट बंद करणे किती अवघड असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कराराबाहेर राहिलेल्या गोष्टी

परदेशातून येणारे नातेवाईक कधी कधी ११० व्होल्टचे उपकरण घेऊन येतात. जोडणी बदलणारा छोटा ठोकळा लावला की त्याचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये नीट बसतो आणि बटण दाबताच उपकरण जळते. आकार जुळला, पण करारातली महत्त्वाची गोष्ट जुळली नाही.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ हे अग्निबाण पहिल्यांदा उडाले. त्यात दिशा आणि गती मोजणारा प्रोग्रॅमचा भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. तो तेथे वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या ६४ बिटांच्या जागेतून १६ बिटांच्या जागेत हलवली जात असे. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियान ४ च्या उड्डाणात ही संख्या त्याच्या आत राही. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक, त्यामुळे ती मर्यादा ओलांडून गेली. मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणांत तोच भाग असल्याने दोन्ही बंद पडल्या आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच अग्निबाण भरकटून नष्ट झाले. सोबत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह गेले. ज्या गणितापायी हे घडले, त्याची एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर गरजही नव्हती.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२१ चे. जावातील असंख्य प्रणाल्या काय घडले याची नोंद ठेवण्यासाठी 'लॉगफोरजे' हा तयार भाग वापरतात. २०१३ मध्ये त्यात एक जादा सोय आली होती: नोंदीत विशिष्ट खुणेने एखादा पत्ता लिहिला, तर त्या पत्त्यावरून माहिती आणून भरायची. शाळेच्या आवक-जावक नोंदवहीशी याची तुलना करून पाहा. आलेल्या पत्राचा मजकूर उतरवून घेणे एवढेच कारकुनाचे काम. पण पत्रात 'अमुक ठिकाणी जा आणि तिथे सांगतील ते कर' असे लिहिलेले असले आणि कारकून उठून खरोखरच गेला तर? कोणीही अनोळखी माणूस एक पत्र पाठवून शाळेचा कारभार हाती घेऊ शकेल. इथे नेमके तेच शक्य झाले होते. धोक्याच्या मापनात याला १० पैकी १० गुण मिळाले.

दुरुस्ती लवकर निघाली, परंतु अनेक संस्थांना हा भाग आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते. त्यांनी घेतलेल्या भागाच्या आत दुसरा भाग, त्याच्या आत तिसरा, आणि त्यात कुठेतरी तो बसलेला. तो सांभाळणारे लोक स्वयंसेवक होते. झाकणे उपयोगाचे खरे, पण डब्यात काय आहे याची यादी तरी डब्यावर हवी, ही मागणी त्यानंतर अधिक जोराने होऊ लागली.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय संगणकाशिवायही शिकवता येतो. सातवी-आठवीच्या मुलांचे चार गट करावेत आणि वर दिलेली शब्दसूची दहा ओळींची करायला द्यावी. पहिल्या दिवशी कामाच्या पायऱ्यांप्रमाणे वाटणी करावी. काम अर्ध्यावर आले, की नियम बदलावा: ओळी आता वहीत न ठेवता पत्त्यांवर ठेवायच्या. किती गटांना आपले काम बदलावे लागले ते फळ्यावर लिहावे. दुसऱ्या दिवशी एकाच गटाला ओळींचा साठा सांभाळायला द्यावा, इतरांनी त्याला फक्त प्रश्न विचारावेत आणि पुन्हा तोच नियम बदलावा. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी ठेवले, की मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर एक प्रश्न मात्र जरूर विचारावा. साठा सांभाळणाऱ्या गटाने दिलेली ओळ चुकीची असती, तर ते बाकीच्यांना कधी आणि कसे कळले असते? याचे उत्तर शोधताना कोणी तरी मूल तपासनीसाची जागा सुचवील. सगळ्यांच्या मागे उभा राहून प्रत्येक बदलानंतर सूची पुन्हा पडताळून पाहणारा हा तपासनीस, म्हणजे आपला डीमनच.